लोह अशनींमधलं इरिडियम हजार पटींनी का बदलतं? गंधकाचा हिशेब

नागपुरात भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "तीन-एबी (IIIAB) या रासायनिक गटातल्या लोह अशनी एकाच लघुग्रहाच्या गाभ्यातून आल्या असं मानतात. त्यांच्यात निकेल साधारण ७ ते १० टक्के, म्हणजे फारसा फरक नाही. इरिडियम मात्र दशलक्षात २० भागांपासून ०.०१ भागांपर्यंत घसरतं. गाभा गोठताना हे झालं म्हणून मी स्प्रेडशीटमध्ये इरिडियमचा वितरण गुणांक १.८ घालून पाहिला. तर हजारपट घसरणीसाठी द्रव दहा हजारात दोन भागांहूनही कमी उरावा लागतो. असं कसं? माझं सूत्र चुकतंय का?"

सूत्र बरोबर आहे. घात बरोबर घेतलाय, बेरीज-वजाबाकीही ठीक आहे. चुकलाय तो १.८. म्हणजे तो आकडाही खोटा नाही, तो शुद्ध लोह-निकेलच्या वितळीचा आहे, आणि लघुग्रहाच्या गाभ्यात शुद्ध लोह-निकेल नसतं. तिथं गंधक असतो. वितरण गुणांक हा जणू त्या मूलद्रव्याच्या स्वभावाचा कायमचा दाखला आहे, असं पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यांमुळे वाटतं. माझी तीस-पस्तीस वर्षं या कामात गेली. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ त्या एका तक्त्यामुळे आहे.

आधी वितरण गुणांक म्हणजे काय ते नीट बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सहलीला रामटेकला जाताना संत्र्याच्या रसाची बाटली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून न्यायची सवय आमच्या घरी होती. उन्हात ती सुटायला लागली की पहिले घोट इतके गोड की घसा धरावा, आणि शेवटी उरतो तो फिक्कट, बेचव बर्फ. पाणी गोठताना साखरेला आपल्या जाळीत जागा देत नाही, तिला बाहेर ढकलतं. घनात साखर नगण्य, द्रवात भरपूर. घनातलं प्रमाण भागिले द्रवातलं प्रमाण, हाच वितरण गुणांक, ज्याला आपण डी म्हणतो. साखरेचा डी जवळपास शून्य. १ पेक्षा मोठा डी म्हणजे उलटा कारभार: पदार्थ आधी घनात शिरतो आणि मागे उरलेला द्रव त्याला मुकतो. उरलेल्या द्रवाचा अंश घ्या, त्याचा डी वजा एक इतका घात काढा, त्याला सुरुवातीच्या प्रमाणानं गुणा. द्रवात काय उरलं ते कळतं. तुम्ही हेच केलंत.

गोठणाऱ्या लोखंडात साखरेची भूमिका गंधकाकडे. घन लोखंडात गंधक जवळजवळ मावतच नाही. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, पण गंधक मिसळला की गोठण्याचं तापमान खाली खाली येतं, आणि वजनानं सुमारे ३१ टक्के गंधक झाला की ९८८ अंशांवर सगळंच एकदम गोठतं. गाभ्यात सुरुवातीला समजा १२ टक्के गंधक आहे. पहिलं घन लोखंड जन्मलं की त्यातला गंधक द्रवातच राहतो. पाव गाभा गोठला की द्रवात १६ टक्के, निम्मा गोठला की २४. साठ टक्के गोठेपर्यंत ३१ जवळ आलेच. म्हणजे गाभा गोठतोय तो एकाच द्रवातून नव्हे, दर टप्प्याला बदलत जाणाऱ्या द्रवातून.

हे फाउंड्रीवाल्यांना सांगायला लागत नाही. मी सुरुवातीची काही वर्षं हिंगणा एमआयडीसीत ओतकामाच्या तपासणीत काढली. पोलादाच्या ढाळ्याचा उभा काप घासून गुळगुळीत करायचा, फोटोचा ब्रोमाइड कागद सौम्य गंधकाम्लात भिजवायचा आणि त्यावर दाबून धरायचा. जिथं गंधक आहे तिथं कागदावर तपकिरी डाग उमटतात. कडेला कागद जवळपास कोरा, मधोमध, जिथं धातू सर्वांत शेवटी गोठला तिथं, गडद पट्टा. गंधकाची ही पातळ साय कणांच्या सीमांवर बसली की तापलेलं पोलाद ठोकताना तडकतं. म्हणून तर त्यात मँगनीज घालतात, गंधकाला धरून ठेवायला. आपल्या मनसर-गुमगावच्या खाणींचा माल शेवटी याच कामाला जातो. माझ्या दृष्टीनं तो ब्रोमाइड कागद म्हणजे लघुग्रहाच्या गाभ्याचं हातभर प्रतिरूप. फरक इतकाच की ढाळ्यात गंधक टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजतात आणि गाभ्यात टक्क्यांनी.

आता इरिडियम. गंधकविरहित वितळीत त्याचा डी दीड-दोनच्या आसपास, म्हणजे घन लोखंड त्याला थोडं जास्त पसंत. वितळीत गंधक १० टक्क्यांच्या आसपास गेला की डी दहाच्या घरात जातो, २० टक्क्यांच्या पुढं शंभराच्या घरात. एकच मूलद्रव्य, तोच घन धातू. घनाकडे ओढ वाढलेली नाही. द्रवात राहणं असह्य झालंय. मला या सगळ्या विषयातली खरी गंमत इथंच वाटते. लोहप्रिय मूलद्रव्यं म्हणजे लोखंडावर जीव टाकणारी, असं आपण शिकतो. गोठणाऱ्या गाभ्यात मात्र त्यांची वाटणी त्यांना कोण नकोसं आहे यावरून होते.

याचं चित्र जोन्स आणि माल्विन यांनी १९९० मध्ये मांडलं आणि आजही प्रयोगांशी ते चांगलं जुळतं. वितळलेल्या लोह-गंधकात गंधकाचा प्रत्येक अणू आपल्याभोवती लोखंडाचे अणू गुंतवून ठेवतो, द्रवातच लोह-सल्फाइडसारखी छोटी छोटी मोहल्लेवजा क्षेत्रं तयार होतात. इरिडियमला त्या मोहल्ल्यात घर मिळत नाही. त्याला हवं गंधकात न अडकलेलं मोकळं लोखंड, आणि गंधक वाढेल तसं ते झपाट्यानं कमी होतं. अणूंच्या हिशेबात गंधक तीस टक्के झाला की मोकळ्या लोखंडाची क्षेत्रं चाळीस टक्क्यांवर येतात, कारण एक गंधक एका लोखंडाला सोबत घेऊनच बसतो. आणि डी हा त्या उरलेल्या मोकळ्या क्षेत्राच्या चौथ्या-पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात चढतो. म्हणून वाढ सरळ रेषेत होत नाही, उसळी मारते. नॅन्सी शॅबो आणि जोन्स यांनी २००३ मध्ये ही मांडणी बऱ्याच मूलद्रव्यांसाठी आकड्यांत बसवली. तुम्हाला लागणारी समीकरणं तिथली.

तुमच्याच स्प्रेडशीटमध्ये १.८ ऐवजी १५ घालून बघा. चाळीस टक्के गोठलं, म्हणजे ०.६ चा चौदावा घात: साधारण ०.०००८. हजारपट घसरण झालीसुद्धा, आणि गाभ्याचा साठ टक्के भाग अजून द्रव आहे. प्रत्यक्षात डी १५ वर थांबत नाही, गंधकासोबत चढत जातो, तेव्हा हे त्याहून लवकर होतं. "असं कसं बाप्पा" म्हणण्यासारखं काही उरलं नाही ना?

निकेल का हलत नाही तेही यातूनच कळतं. गंधकाविना त्याचा डी ०.८५ ते ०.९, म्हणजे एकच्या जरा खाली. गंधक वाढला की एक ओलांडून जरा वर. दोन्हीकडे एकच्या आसपास, म्हणून त्याला घन काय आणि द्रव काय. सोन्याचा डी गंधकाविना बराच कमी, तृतीयांशाच्या आसपास. तोही गंधकानं वाढतो, पण बराच काळ एकच्या खाली राहतो, म्हणून सोनं शेवटच्या द्रवात साचत जातं. त्यामुळे आम्ही लोक आलेखावर आडवं सोनं आणि उभं इरिडियम घेतो, निकेल नव्हे: सोनं निकेलपेक्षा जास्त पसरतं, त्यामुळे गाभा कुठवर गोठला होता ते जास्त स्पष्ट दिसतं.

सर्वांत बोलकी जोडी मात्र गॅलियम आणि जर्मेनियमची. दोघांचे डी सुरुवातीला एकच्या खाली आणि गंधक वाढल्यावर एकच्या वर. म्हणून तीन-एबी गटात त्यांची प्रमाणं आधी थोडी वाढतात आणि मग घटतात. वक्र वर जाऊन खाली वळतो. डी स्थिर असता तर असं वळण येणं शक्यच नव्हतं. एकच दिशा धरून वक्र चालला असता. परीक्षेत कुणी विचारलं की गाभ्यात गंधक होता याचा पुरावा काय, तर त्रोइलाइटच्या, म्हणजे अशनीतल्या लोह-सल्फाइड खनिजाच्या, गाठींआधी मी हे वळण दाखवीन. गॅलियम-जर्मेनियमची पातळी गटागटानुसार ठरलेली असल्यानं अशनींचे गटही मुळात यांच्यावरूनच पाडले गेले, हा योगायोग मला आवडतो.

उलट परीक्षा घ्यायची तर चार-बी गट घ्या. नामिबियातली होबा अशनी याच गटातली, साठेक टन वजनाची, जिथं पडली तिथंच आहे. या गटात निकेल १६ ते १८ टक्के आणि गंधक अगदी नगण्य. आणि इरिडियमचा फरक? फक्त काही पट. गंधक नाही तर उसळी नाही. तुमचा १.८ चा हिशेब या गटाला बराच चालतो. गटांवरून उलटं गणित करून गाभ्यातला सुरुवातीचा गंधक काढला जातो: दोन-एबीला १७ टक्क्यांच्या आसपास, तीन-एबीला १२, चार-एला काही थोडेच टक्के, चार-बीला एखादा टक्का. चार-बी गटात बाष्पशील मूलद्रव्यं एकूणच कमी आहेत, तेव्हा गंधकही उडून गेलेला, यात नवल नाही.

हे आकडे प्रयोगशाळेत कसे मिळतात हे थोडं सांगतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी यंत्रात नमुना घातला आणि डी छापून आला. लोखंड, निकेल, लोह-सल्फाइड यांची पूड, त्यात चिमूटभर इरिडियम, सोनं, जर्मेनियम. अॅल्युमिनाच्या छोट्या मुशीत भरून सिलिकाच्या नळीत ठेवायचं, हवा काढून नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. उभ्या भट्टीत १२५० ते १४५० अंशांच्या दरम्यान लटकवायचं. कमी तापमानाला आठवडा, जास्त तापमानाला दिवसभर. मग एकदम थंड पाण्यात टाकायचं. नमुना कापला की एकीकडे घन धातूचा गोळा, दुसरीकडे त्याच्याशी समतोल साधलेला द्रव, आता गोठलेला. दोन्हीकडचं मोजमाप लेझरनं करायचं.

पहिल्याच वर्षी मी सल्फाइडऐवजी गंधकाचीच पूड घातली. गंधक ४४५ अंशांना उकळतो. नळी बंद, भट्टी वेगानं चढवलेली. नळी फुटली, भट्टीच्या अस्तराला जो वास बसला तो पुढचे दोन महिने गेला नाही. त्यानंतर आयुष्यात सुटा गंधक वापरला नाही. दुसरी गोष्ट मे महिन्यातली, पारा ४५ च्या वर आणि सहाव्या दिवशी वीज गेली. भट्टी आपोआप हळूहळू थंड झाली आणि नमुना वाया. का वाया? पाण्यात टाकून गोठवलेला द्रवसुद्धा एकजिनसी राहत नाही, त्यात लोखंडाच्या बारीक फांद्या आणि मधे सल्फाइड असं जाळं तयार होतं. ते जाळं बारीक असेल तर लेझरचा रुंद ठिपका फिरवून सरासरी घेता येते. हळू थंड झालं तर फांद्या जाड होतात, त्या स्वतःच इरिडियम ओढून घेतात, आणि मोजायचं काय हेच कळेनासं होतं. मी एकदा चुकून फक्त फांद्यांमधल्या सल्फाइडवर ठिपका मारला होता. डी चार आकडी आला आणि मी दोन दिवस खुशीत होतो. कुठल्याही शोधनिबंधातला डी वापरण्याआधी द्रवाची सरासरी कशी घेतली ते वाचा. न सांगता सोडलं असेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

तुम्हाला शंका येईल, एका वातावरणाच्या दाबाला केलेले हे प्रयोग गाभ्याला कसे लावायचे? लघुग्रहाला बेधडक लावा. दोनशे किलोमीटर त्रिज्येच्या, सरासरी खडकाळ घनतेच्या गोळ्याच्या मध्यावर दाब निघतो सुमारे सातशे वातावरण. धातूच्या वागण्यावर त्याचा परिणाम किरकोळ. पृथ्वीच्या मध्यावर मात्र तो छत्तीस लाख वातावरणांच्या घरात आहे, तिथं हे आकडे जसेच्या तसे नेऊ नका.

एक गोष्ट तुमच्या आलेखात खटकणार आहे: काही अशनी सुबक वक्रावर न बसता उजवीकडे विखुरलेल्या दिसतील. जॉन वॉसन यांनी १९९९ मध्ये याचं कारण दिलं, अडकलेला द्रव. घन धातू वाढताना त्याच्या फांद्यांमधे थोडा द्रव सापडतो आणि जागीच गोठतो. मग तुम्ही कापलेला तुकडा शुद्ध घनही नसतो, शुद्ध द्रवही नसतो, दोघांचं मिश्रण असतं. ग्रीनलंडच्या केप यॉर्क अशनीचे वेगवेगळे तुकडे हे छान दाखवतात; त्यांतला एकतीस टनांचा तुकडा न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. त्रोइलाइटच्या गाठी म्हणजे त्या अडकलेल्या द्रवाचाच उरलेला गंधक.

आणि मग शेवटचा, भरपूर गंधकवाला द्रव गेला कुठं? त्याच्यापासून बनलेल्या अशनी आपल्याकडे फार थोड्या आहेत. सल्फाइड ठिसूळ, अवकाशातल्या टकरींत त्याचा चुरा होतो, वातावरणात शिरताना टिकत नाही, जमिनीवर पडलंच तर लवकर सडतं. आपल्या हातात येतो तो गाभ्याचा चिवट भाग. तुमच्या आलेखाचं खालचं टोक अचानक तुटलेलं दिसेल, ते यामुळेही. सायकी नावाच्या लघुग्रहाकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेलं यान २०२९ मध्ये पोचायचं आहे. तो उघडा पडलेला गाभा आहे की धातू-खडकाचं मिश्रण, यावर अजून वाद आहे. मला तिथलं सल्फाइड बघायचंय.

गाभ्यात मूलद्रव्यं पोचली कशी, हा या आधीचा टप्पा, तुम्ही विचारला नाहीत म्हणून थोडक्यातच. इतवारीतल्या सराफ्यात झारेकरी दुकानांची राख-माती गोळा करतात, शिशासोबत वितळवतात. माती मळी होऊन वर तरंगते, सोनं शिशात उतरतं. लघुग्रहात शिशाच्या जागी लोखंड आणि मळीच्या जागी वितळलेला खडक. ही पहिली वाटणी द्रव-द्रवातली, आणि ती फार लवकर झाली. हाफ्नियम-१८२ चं अर्धायुष्य नव्वद लाख वर्षांच्या आसपास, त्यापासून टंगस्टन बनतं. हाफ्नियम खडकात थांबतं, टंगस्टन धातूत उतरतं. लोह अशनींमधल्या टंगस्टनवरून दिसतं की बहुतेक गाभे सौरमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच वेगळे झाले. अशी वाटणी पृथ्वीतही झाली, फक्त त्याहून सावकाश. सीताबर्डीच्या टेकडीवरचा दगड घ्या, दख्खनचा बेसाल्ट; त्यात इरिडियम अब्जात एका भागाहून कमी. त्याखालच्या प्रावरणात, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या खडकात, ते अब्जात तीन-साडेतीन भाग, तर आदिम अशनींमध्ये साडेचारशेहून जास्त. बाकीचं गाभ्यात गेलं. प्रावरणात जे थोडंफार आहे ते बहुधा गाभा वेगळा झाल्यावर नंतर पडलेल्या अशनींचं, असं बहुतेकांचं मत आहे आणि मलाही ते पटतं.

तेव्हा आता स्प्रेडशीटमध्ये एवढंच बदला. गाभा एक-एक टक्क्यानं गोठवा. दर ओळीला आधी गंधक काढा: बारा भागिले उरलेला द्रव-अंश. त्याचं वजनाचं प्रमाण अणूंच्या प्रमाणात बदला, त्यातून मोकळं लोखंड, त्यातून त्या ओळीपुरता डी, आणि मग तेवढ्या एका टक्क्यासाठीच तुमचं जुनं सूत्र. गंधक ३१ जवळ आला की थांबा. घनाचा आणि द्रवाचा असे दोन स्तंभ वेगळे ठेवा, दोन्ही वक्र काढा, आणि दर दहा टक्क्यांना त्या टप्प्याचा घन आणि द्रव एका रेषेनं जोडा. अडकलेल्या द्रवाचं प्रमाण त्या रेषांवरून वाचता येतं. कोडाईकनालची अशनी भारतातली म्हणून त्यात घालायचा मोह होईल, पण ती दोन-ई गटातली आहे आणि तो गट एका साध्या गोठणाऱ्या गाभ्यातून आलेला नाही, तिला वगळा. पहिला आलेख सोनं विरुद्ध इरिडियम, दुसरा सोनं विरुद्ध जर्मेनियम. दुसऱ्यात वक्र वर जाऊन वळला नाही, तर गंधकाचा स्तंभ पुन्हा तपासा.